दहावी नापासाचा पासपोर्ट

आपल्या वस्त्यांतून आखाती देशांत कामाला जाणारे तरुण काही कमी नाहीत. कुणी वेल्डर, कुणी सुतार, कुणी प्लंबर, कुणी मुकादमाच्या हाताखाली बिगारी. घरातल्या बायका दागिना मोडतात, सोसायटीचे कर्ज काढतात आणि एजंटाच्या हातावर पैसे ठेवतात. अशा घरात पासपोर्ट येतो तेव्हा त्याच्यावरचा अशोकस्तंभ सगळे पाहतात. आतल्या पानावर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' अशी ओळ छापलेली असते, तिच्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. थोडक्यात तिला ईसीआर म्हणतात. अर्थ असा की, हा माणूस ठराविक देशांत नोकरीला निघाला तर सरकारी अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय त्याला विमानात बसू देऊ नये.

ही ओळ कुणाच्या पासपोर्टवर येते? ज्याच्याजवळ दहावी पास झाल्याचा दाखला नाही, त्याच्या. डॉक्टरच्या मुलाच्या पासपोर्टवर ती नसते, कारकुनाच्या मुलाच्या नसते. गवंड्याच्या पोराच्या पासपोर्टवर असते. कायद्यात जातीचा उल्लेख कुठेही नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण या देशात शाळा कुणाची सुटली आणि का सुटली, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला हवे काय?

ही ओळ आली कुठून, याचा शोध घेतला तर फार मागे जावे लागते. तसे आम्ही आज जाणार आहोत.

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे सांगणाऱ्यांचा हा देश. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेला निघाले तर त्यांच्या जातीच्या पंचांनी मुंबईत त्यांना जातीबाहेर टाकले. ही भीती ज्यांना जात गमवायची होती त्यांची! ज्यांच्या पोटाला भाकर नव्हती ते त्याच्या कितीतरी आधी जहाजात बसले होते. १८३४ पासून इंग्रजांनी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी कराराने मजूर नेले. साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या एका बेटावर उतरली. कोकण आणि मुंबई इलाख्यातली मराठी माणसेही त्यांत होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. गुलामगिरी कायद्याने बंद झाली म्हणून ही 'गिरमिट' पद्धत निघाली. गिरमिट म्हणजे ॲग्रीमेंट, मजुराच्या तोंडचा शब्द.

एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १८६७ च्या कायद्याने मॉरिशसमधल्या, करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचा फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. परवाना नाही सापडला तर पोलीस धरून नेत. पासपोर्टवरचा फोटो जगाला माहीत होण्याआधी तो मजुराच्या परवान्यावर आला होता. साहेबाला स्वतःचा फोटो खिशात घेऊन फिरावे लागत नव्हते.

साहेब लोकांना तर पासपोर्टही लागत नसे. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थान सोडणाऱ्या माणसावर पासपोर्टची सक्ती नव्हतीच. बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, ते या काळात. त्यांची अडचण पैशाची आणि करारात कबूल केलेल्या नोकरीची होती, पासपोर्टची नव्हती. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते परतले. पुन्हा लंडनला जायला १९२० साल उजाडले. तेही पदरची शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राकडचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर. पण या मधल्या सात वर्षांत जग बदलले होते. दाराला कुलूप बसले होते.

ते कुलूप बसवण्यात कॅनडाचा हात मोठा. कॅनडा आणि हिंदुस्थान एकाच राजाचे राज्य, तेव्हा तिथल्या प्रजेला इथे आणि इथल्या प्रजेला तिथे जाता आले पाहिजे, असे इंग्रज तोंडाने म्हणत. पण गोऱ्या कॅनडाला हिंदी माणूस नको होता. उघड 'हिंदी माणसाला बंदी' असे म्हटले तर साम्राज्याची अब्रू जाते. मग १९०८ साली युक्ती निघाली. आपल्या मायदेशातून मध्ये कुठेही न थांबता, एकाच तिकिटावर थेट आला असेल त्यालाच आत घ्यायचे! आणि हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जहाज नव्हतेच. कायद्यात हिंदी माणसाचे नाव नाही, जातीचे नाव नाही, रंगाचे नाव नाही. तरी नेमका तोच अडकला. ही युक्ती आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

बाबा गुरदित सिंग यांनी १९१४ साली 'कोमागाटा मारू' हे जहाज भाड्याने घेऊन ३७६ प्रवासी व्हँकुव्हरला नेले. बहुतेक पंजाबचे शीख, काही मुसलमान, काही हिंदू. दोन महिने जहाज बंदरात उभे राहिले. मोजक्या लोकांना सोडून बाकीच्यांना उतरू दिले नाही. परत आलेले जहाज कलकत्त्याजवळ बजबजला लागले तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि वीसेक माणसे मेली. पुढे युद्धाच्या नावाखाली १९१७ मध्ये हिंदुस्थान सोडणाऱ्यास पासपोर्टची सक्ती झाली. युद्ध संपले, सक्ती राहिली. गोऱ्यांच्या वसाहतींना जे नको होते ते त्यांच्या दारात न अडवता आपल्याच दारात अडवायची सोय झाली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे आणि तो आम्हाला पटतो.

गिरमिट पद्धत हिंदी जनतेच्या चळवळीमुळे १९१७ साली थांबली, हे चांगलेच झाले. त्यानंतर १९२२ चा देशांतर कायदा आला. अकुशल कामासाठी परदेशी जाणे हेच बेकायदा ठरले. सरकार जाहीर करील त्या देशांपुरती सूट. ती मुख्यत्वे सिलोन आणि मलायासाठी होती, आणि १९३८-३९ मध्ये तिथलेही दार बंद झाले. मजुराची पिळवणूक होते म्हणून हा कायदा, असे सांगितले गेले. पिळवणूक खरीच होती. पण पिळणाऱ्या मळेवाल्याच्या हाताला कुणी धरले नाही, मजुराच्या पायाला धरले. व्यापारी जाऊ शकत होता, बॅरिस्टर जाऊ शकत होता.

१९४७ साली स्वातंत्र्य आले. आता तरी नागरिकाला पासपोर्ट हक्काने मिळावा की नाही? तसे झाले नाही. बाहेर जाण्याबद्दल कोणताही कायदा नव्हता. १९२० चा पासपोर्ट कायदा होता तो देशात येणाऱ्यांपुरता. तेव्हा पासपोर्ट द्यायचा की नाही, हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर. अर्ज फेटाळला तर कारण सांगण्याचे बंधन नाही, अपील नाही.

आणि ही मर्जी कुणावर फिरत असे? ब्रिटनने १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातल्या सगळ्यांना आपल्याकडे येऊन राहण्याची मुभा दिली होती. म्हणजे तिकडचे दार उघडे होते. ते इकडून लावून घेतले आपल्याच सरकारने! इतिहास संशोधक कलाथ्मिका नटराजन यांनी जुन्या सरकारी फायली तपासून या काळावर विस्ताराने लिहिले आहे. अशिक्षित, अकुशल मजूर, फेरीवाले यांना ब्रिटनसाठी पासपोर्ट देऊ नये, असे धोरण होते. अशी माणसे परदेशात गेली तर देशाची मान खाली जाईल, असे दिल्लीच्या साहेब लोकांना वाटे. गिरमिटिया मजुरामुळे जगात हिंदी माणसाला 'कुली' म्हणतात, तो डाग पुसायचा. मग काय करायचे? कुलीला घरातच ठेवायचे! पासपोर्ट हा नागरिकाचा हक्क नसून चारित्र्य आणि प्रतिष्ठा असलेल्याला मिळणारा मान आहे, ही ती दृष्टी. या दृष्टीत वर्गाबरोबर जातही होती, असे नटराजन स्पष्ट म्हणतात. पाहुणे येणार म्हणून घरातल्या मळक्या कपड्यांच्या माणसाला मागच्या खोलीत बसवतात, तशातला हा प्रकार.

परिणाम काय झाला? माणसे जायची थांबली नाहीत. खोट्या पासपोर्टांचा धंदा जोरात चालला. एजंट नावाच्या जातीला सरकारी बंदीइतके पोषक खत दुसरे नाही. पुढे १९६२ मध्ये ब्रिटननेही आपले दार आवळले.

श्रीमंतांनाही त्या काळी जाच होताच, नाही असे नाही. परकीय चलन मिळत नसे, रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' मंजूर झाल्याशिवाय तिकीट हाती येत नसे, आणि सत्तरच्या दशकात परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याच्या खिशात आठ डॉलर असत, अशी आठवण सांगणारे आजही भेटतात. त्या आठ डॉलरवर पुष्कळ लेख लिहिले गेले. पासपोर्टच न मिळालेल्या मजुरावर फारसे कुणी लिहिले नाही.

अशीच गोष्ट त्या काळी अमेरिकेतही चालली होती. पॉल रोबसन हा काळा गायक, त्याचे वडील गुलामीतून पळून सुटलेले. वर्णद्वेषाविरुद्ध परदेशात बोलतो म्हणून १९५० साली अमेरिकन सरकारने त्याचा पासपोर्ट रद्द केला. आठ वर्षे तो देशाबाहेर जाऊ शकला नाही. १९५७ मध्ये लंडनच्या श्रोत्यांसाठी त्याने समुद्राखालच्या टेलिफोन तारेवरून गाणे म्हटले! विचारवंत डू बॉइस यांचाही पासपोर्ट अडवला होता. बाबासाहेबांनी १९४६ साली निग्रो आणि अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्याबद्दल ज्यांना पत्र लिहिले तेच हे डू बॉइस. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला त्या सोहळ्यालाही त्यांना जाता आले नाही. अखेर १९५८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केंट विरुद्ध डलस या खटल्यात सांगितले की, प्रवास हा स्वातंत्र्याचाच भाग आहे, मंत्र्याला मन मानेल तसा तो अडवता येणार नाही.

या निकालाचा आधार आपल्याकडेही घेतला गेला. सतवंतसिंग सोहनी नावाच्या व्यापाऱ्याला १९६६ मध्ये पासपोर्ट परत करायला सांगण्यात आले. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबई, केरळ आणि म्हैसूर उच्च न्यायालयांनी यापूर्वी नागरिकाच्या बाजूने कौल दिला होता, दिल्लीने विरुद्ध. १० एप्रिल १९६७ रोजी सरन्यायाधीश सुब्बाराव यांच्यासह तिघांनी बहुमताने निकाल दिला की, परदेशी जाणे हे घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्यात येते आणि कायद्यावाचून ते हिरावून घेता येत नाही. दोन न्यायमूर्ती विरोधात होते. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सुब्बारावांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला, हे जाता जाता.

इथे एक प्रश्न वाचक विचारतील. फिरण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे ना? आहे, पण तो भारताच्या हद्दीपुरता. बाहेरचा हक्क न्यायालयांनी २१ व्या कलमातून काढला. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेल्या घटनेतले हे कलम जेमतेम एका वाक्याचे आहे, पण त्या एका वाक्याने किती माणसांना तारले!

सरकारची धांदल उडाली. मे १९६७ मध्ये वटहुकूम आणि २४ जूनला पासपोर्ट कायदा. त्यात नकाराची कारणे ठरवून दिली, नकार दिला तर तो लेखी द्यावा असे घातले, अपिलाची सोय केली. पण एक खिडकी उघडी ठेवली. 'जनतेच्या हितासाठी' पासपोर्ट जप्त करता येईल, आणि हितासाठीच कारण सांगण्याचेही नाकारता येईल.

आणीबाणीनंतर जुलै १९७७ मध्ये जनता सरकारने याच खिडकीतून हात घालून मनेका गांधींचा पासपोर्ट मागितला. कारण विचारले तर सांगणार नाही म्हणाले. इंदिरा गांधींच्या सुनेबद्दल आमच्या वस्त्यांत कुणाला पाझर फुटण्याचे कारण नव्हते. आणीबाणीत तुर्कमान गेटची घरे कुणी पाडली, नसबंदी कुणाची झाली, हे लोक विसरले नव्हते. पण २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सात न्यायमूर्तींनी जे ठरवले ते सर्वांच्या कामी आले. नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली पद्धत न्याय्य, वाजवी आणि योग्य हवी, आणि माणसाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. गंमत अशी की, पासपोर्ट मनेकाबाईंना लगेच परत मिळाला नाहीच. सरकारने म्हणणे ऐकून घेण्याचे कबूल केले आणि पासपोर्ट न्यायालयाच्या निबंधकाकडे राहिला. तरीही पुढे जगण्याच्या, निवाऱ्याच्या, फूटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यांत वकिलांनी हाच निकाल हातात घेतला.

आता पुन्हा त्या ओळीकडे येऊ. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात बांधकामे निघाली. हजारो कामगार मुंबईहून जाऊ लागले. १९२२ चा मोडका कायदा काढून १९८३ चा देशांतर कायदा आला. त्यातून ईसीआरचा जन्म झाला. पूर्वी ज्यांना तपासणी माफ त्यांच्या पासपोर्टवर 'ईसीएनआर'चा शिक्का बसे. तो मिळवण्यासाठी दलालांनी किती पैसे खाल्ले त्याचा हिशेब नाही. २००७ पासून पद्धत उलटली. ज्याच्यावर काही लिहिलेले नाही तो मोकळा, ज्याच्यावर ओळ आहे तो बांधलेला. आज सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिरात, बहारीन, मलेशिया यांसह १८ देशांना ही अट आहे. या पासपोर्टवर तिथे कामाला जाणाऱ्या बाईला वयाची ३० वर्षे पुरी झालेली हवीत. त्याच वयाची पदवीधर मुलगी मात्र २२ व्या वर्षीही जाऊ शकते. फक्त फिरायला किंवा नातेवाइकाला भेटायला जायचे असेल तर परवानगी लागत नाही.

हे संरक्षण फुकटचे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परवानगीच्या वेळी करारनामा पाहिला जातो, दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो, नोंदणीकृत एजंटाने तीस हजार रुपये आणि कर यांपेक्षा जास्त घेऊ नये असा नियम आहे. हे सारे चांगलेच आहे. मग आमची तक्रार काय? तक्रार ही की, फसवणूक दाखला पाहून होत नाही. दहावी पास झालेला वेल्डर त्याच मालकाकडे, त्याच पत्र्याच्या खोलीत राहतो. त्याची तपासणी नाही. संरक्षण कामावरून ठरायला हवे होते. इथे ते शाळेच्या दाखल्यावरून ठरते. आणि परवानगीचा खेटा नको म्हणून एजंट गरिबाला 'व्हिजिट व्हिसा'वर धाडतो. मग तिकडे ना करार, ना विमा.

या भेदाला रंगही देण्याचा बेत झाला होता. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की, ईसीआरवाल्यांचे पासपोर्ट नारिंगी रंगाचे होतील. बाकीच्यांचे निळे. म्हणजे विमानतळावर रांगेत उभे राहिल्याबरोबर लांबूनच कळावे, हा नापास! केरळात आणि देशभर ओरड झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने बेत मागे घेतला. गळ्यात मडके आणि पाठीला खराटा बांधण्याचा इतिहास ज्यांच्या घरात सांगितला जातो त्यांना त्या रंगाचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागला नाही.

अडवणुकीचे नवे प्रकारही आहेत. जानेवारी २०१५ मध्ये ग्रीनपीसच्या कार्यकर्त्या प्रिया पिल्लई यांना दिल्ली विमानतळावर उतरवले. लंडनला खासदारांसमोर मध्य प्रदेशातल्या महान इथल्या कोळसा खाणीबद्दल आणि आदिवासींबद्दल त्या बोलणार होत्या. पासपोर्ट होता, व्हिसा होता. तरी 'लुकआऊट सर्क्युलर' नावाचा कागद आडवा आला. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय समाज, इतिहास आणि संस्कृती यांवरचे संशोधन वगळले. म्हणजे आपल्या मुलाने बाहेर जाऊन यंत्रे शिकावीत, जात शिकू नये. यात पासपोर्ट अडवावा लागत नाही.

आता घरातल्या उपयोगाच्या काही गोष्टी. पासपोर्टवर ईसीआर असेल आणि नंतर बाहेरून बसून दहावी पास झाला असाल, तर दाखला जोडून नवा अर्ज करा, ती ओळ जाते. आयटीआयचा दोन वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, सलग किंवा तुटक मिळून तीन वर्षे परदेशात राहिल्याचा पुरावा, प्राप्तिकर भरल्याचे कागद, पन्नाशी उलटलेले वय, यांवरही सूट आहे. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासून मगच पैसे द्या आणि पावती घ्या. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे कार्यालय आहे, तिथे तक्रार देता येते. परदेशी मालकाने पासपोर्ट स्वतःकडे ठेवायला मागितला तर सांगा की आमच्या कायद्याप्रमाणे तो भारत सरकारची मालमत्ता आहे.

मोर्चा, आंदोलन, पुतळा विटंबनेचा निषेध यांतल्या केसेस आपल्या कार्यकर्त्यांवर वर्षानुवर्षे पडून असतात. अशा केसमुळे पासपोर्ट नाकारता येतो. पण २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे, ज्या कोर्टात खटला आहे तिथून परदेशी जाण्याची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर एक वर्षाचा. म्हणून कोर्टाच्या हुकमात मुदत लिहून घ्यायला वकिलाला सांगावे. अर्जात केस लपवू नये, लपवणे हाच वेगळा गुन्हा होतो. आणि पोलिसाने पासपोर्ट ताब्यात घेतला तरी तो अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचा आहे, पोलिसाचा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सुरेश नंदा प्रकरणात सांगितले आहे.

घरात लहान बाळ असेल तर एक आणखी. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालेल, शाळेचा दाखला चालणार नाही, असा नियम २०२५ मध्ये झाला आहे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. वर्ष उलटले तर जिल्हाधिकारी किंवा प्रांताच्या हुकमासाठी फेऱ्या माराव्या लागतात. बाळंतपण गावी आजोळी झाले असेल तर नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत असते, मुंबईच्या वॉर्डात शोधू नये.